‘ळ’ची जागा



बडोद्यात कोशाविषयी बोलायचे तर १९३१ चा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ आठवतोच. राज्यकारभारातील इंग्रजी संज्ञांना मराठी, गुजरातीसह सात भाषांतील प्रतिशब्द त्यात आहेत. ते काम माणसांनी हाताने लावले. आज शब्दांचा क्रम संगणक लावतो, आणि अडचण तिथेच आहे.

बडोद्याच्या मराठी घरांतील शब्दांची सूची आमच्या विद्यार्थ्यांनी केली. नोंदी अनुक्रमे लावून छपाईची प्रत काढणारी बिल्ड स्क्रिप्टही लिहिली. एकीच्या लॅपटॉपवर सूची बरोबर आली. विभागातल्या संगणकावर मात्र ‘कळ’ ‘कवच’च्या आधी गेली आणि ‘क्षमा’ ‘खडू’च्या आधी येऊन बसली. स्क्रिप्ट तीच, नोंदीही त्याच.

मी साहित्याचा माणूस. कारण विद्यार्थ्यांकडूनच शिकलो. प्रत्येक प्रोग्रामला सुरू होताना भोवतालची काही माहिती वारशाने मिळते. तिला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात. युनिक्समध्ये ही सोय १९७९ च्या सातव्या आवृत्तीपासून आहे. ‘लँग’ भाषा सांगतो, ‘एलसी_कोलेट’ वर्णक्रम सांगतो आणि ‘एलसी_ऑल’ या दोघांवर मात करतो. त्याची किंमत ‘सी’ असली, की शब्द केवळ सांकेतिक क्रमांकांनुसार लागतात. युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये आहे, तर ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त आणि ष. आपल्या कोशांत मात्र ‘ळ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ हे ‘ह’नंतर येतात.

म्हणून भाषा स्क्रिप्टनेच सांगावी, यंत्रावर सोडू नये. क्रम लावणाऱ्या आज्ञेच्या आधी, त्याच ओळीत ‘एलसी_ऑल’ची किंमत ‘एमआर_आयएन.यूटीएफ-८’ द्यावी. ‘मेक’च्या फाइलमध्ये तर प्रत्येक ओळ सहसा स्वतंत्र शेलमध्ये चालते, वरच्या ओळीत दिलेली किंमत खालच्या ओळीला मिळत नाही. वारसा पालकाकडून अपत्याकडे जातो, उलट येत नाही.

एवढ्यानेही भागत नाही. यंत्रावर मराठीची ही व्यवस्था बसवलेली नसेल, तर क्रम लावणारी आज्ञा तक्रार न करता ‘सी’वर जाते. म्हणून स्क्रिप्टच्या आरंभी ‘कळ’ आणि ‘कवच’ हे दोनच शब्द लावून पाहावेत. ‘कळ’ आधी आली तर काम तिथेच थांबवावे.

चुकीचा क्रम छापला गेला, की शोधणाऱ्याला शब्द सापडत नाही, आणि तो सूचीत नाहीच असे त्याला वाटते. बडोद्यातल्या घरांतून हे शब्द आधीच कमी होत आहेत. ते कागदावर आणूनही हरवू नयेत, एवढीच विनंती.