दोन शिक्षक, चार वर्ग आणि सगळे विषय



आपल्या शिक्षक परिषदांमध्ये वेतन, बदल्या, संचमान्यता आणि अशैक्षणिक कामे यांवर नेहमी बोलले जाते. ते बोलायलाच हवे, आणि उद्याच्या सत्रांत ते होणारही आहे. अध्यक्ष म्हणून मला मात्र आज एकच प्रश्न सविस्तर मांडायचा आहे. लहान गावातल्या लहान शाळेत नाव घातलेल्या मुलाला तिथे काय काय शिकायला मिळते, आणि जे मिळत नाही ते का मिळत नाही?

पहिली ते चौथीची द्विशिक्षकी शाळा आपल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. दोन खोल्या, दोन शिक्षक, चार वर्ग. तिसरीतल्या मुलीला मराठी, इंग्रजी, गणित, परिसर अभ्यास, कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण असे विषय असतात. इतर वर्गांचेही थोड्याफार फरकाने तसेच. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवून दिले आहे. म्हणजे दिवसाला चार तास. एका शिक्षकाकडे दोन वर्ग, म्हणून एका वर्गाच्या वाट्याला प्रत्यक्ष शिकवण्याचे दोन तास येतात. जोडीदार शिक्षक प्रशिक्षणाला, सर्वेक्षणाला किंवा मतदार यादीच्या कामाला गेला की त्यातला एकच उरतो. त्या एका तासात त्या मुलीचे सात विषय व्हायचे असतात.

अशा दिवशी आपण भाषा आणि गणित वाचवतो. ते बरोबरच आहे, वाचता आले नाही तर पुढचे सगळेच अडते. पण त्यापायी आधी चित्रकला जाते. मग गाणे जाते, हातकाम जाते. परिसर अभ्यासातला प्रयोग फळ्यावरच उरकतो. वाचनाची पुस्तके पेटीत राहतात, कारण ती फाटली तर हिशेब द्यावा लागेल अशी भीती असते. प्रगतिपुस्तकात कलेपुढे श्रेणी मात्र भरली जाते, आणि त्या श्रेणीमागे मुलाने रंगवलेला एकही कागद नसतो. मला याचे फार वाईट वाटते.

कायदाही इथे लहान शाळेच्या बाजूने पूर्ण उभा राहिलेला नाही. सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे अंशकालीन निदेशक द्यावेत असे कायद्याच्या अनुसूचीत म्हटले आहे. पण केव्हा? पट शंभरावर असेल तेव्हा. ऐंशी मुलांच्या शाळेत सातवीत शिकणाऱ्या मुलाला चित्रकलेचा किंवा खेळाचा स्वतंत्र शिक्षक मागण्याचा हक्कच नाही. मूल मोठ्या गावात जन्मले की लहान, यावरून त्याच्या हातात कुंचला येणार की नाही हे ठरत असेल, तर ती तरतूद आपण बदलून मागितली पाहिजे.

सप्टेंबर २०२३ मध्ये समूह शाळांचा विचार पुढे आला. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा तेव्हा राज्यात चौदा हजारांहून अधिक होत्या. त्या मोठ्या शाळेत मिसळाव्यात, म्हणजे मुलांना विषयशिक्षक, मैदान आणि सवंगडी मिळतील, असे सांगितले गेले. पानशेत आणि तोरणमाळच्या समूह शाळांची उदाहरणे दिली गेली. या म्हणण्यातले दुखणे खरे आहे. चार मुलांत कबड्डी होत नाही आणि समूहगीतही रंगत नाही. पण उपाय उलट्या दिशेचा आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाला रोज घाट उतरायला लावायचा, पावसाळ्यात ओढा ओलांडायला लावायचा, आणि विषय मात्र आपल्या जागी बसून राहणार. पाचवीनंतर काय होते हे आपण पाहिलेच आहे. अहिल्याबाई होळकर योजनेतून मुलीला एसटीचा मोफत पास मिळतो, पण शाळा सुटण्याच्या वेळेला गाडीच नसेल तर त्या पासाचे तिने काय करायचे? ती घरी बसते आणि दोन वर्षांत तिचे लग्न ठरते. पहिलीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी हा नियम सोयीसाठी केलेला नाही, तो मुलींना शाळेत टिकवण्यासाठी आहे.

शिक्षणाने मुलाकडे चालत जावे हा विचार याच महाराष्ट्रात रुजलेला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी पाड्यांतली मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी अंगणात बालवाडी भरवली. गुरे राखणारी मुले कुरणातून हलू शकत नाहीत म्हणून शाळाच कुरणात नेली; तिला कुरणशाळा म्हणत. साधने म्हणून बिया, शंख-शिंपले, पाने, दगड. पट किती, हा प्रश्न त्यांनी आधी विचारला नाही.

आणि त्याच्याही आधी, १८८२ मध्ये, महात्मा जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले ते आपण प्रत्येकाने वाचावे. प्राथमिक शाळेत काय शिकवावे याची यादीच त्यांनी दिली आहे : मोडी आणि बालबोध लेखन-वाचन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य. शाळेला जोडून एक लहानसे नमुना शेत असावे असेही त्यांनी सुचवले. खेड्यातल्या शाळेचे विषय शहरापेक्षा थोडे कमी असले तरी चालतील, पण ते व्यवहाराला कमी उपयोगाचे नसावेत, असे त्यांचे म्हणणे होते. ती मर्यादा त्या काळातली होती. आपण कमी विषयांची मुभा तेवढी कायम ठेवली आणि नमुना शेत विसरून गेलो.

परिसरातून शिकवण्याबद्दल मी थोडे अधिक बोलणार आहे, कारण हे आपल्या हातातले काम आहे. तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक बालभारतीने जिल्ह्याजिल्ह्यासाठी वेगळे छापले. पुस्तक जिल्ह्यापर्यंत येऊ शकते, गावापर्यंत ते आपल्यालाच न्यावे लागते. पावसाचेच घ्या. सरळ कडांची बाटली, एक नरसाळे आणि पट्टी एवढ्यावर पर्जन्यमापक होतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते, हे चौथीच्या मुलाला एकदा कळले की त्याच्यापुढे गणिताचा डोंगर उघडतो. शाळेचे छत १०० चौरस मीटरचे आहे आणि वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर छतावर पडलेले पाणी किती? साठ हजार लिटर. शाळेला रोज किती लागते? मग ते किती दिवस पुरेल? टाकी केवढी हवी? या एका नोंदवहीत गुणाकार आहे, भागाकार आहे, आलेख आहे, भूगोल आहे, आणि वर्षाअखेरीस ग्रामसभेत वाचून दाखवण्याजोगा मराठीतला अहवालही आहे. हिवरेबाजारसारखे गाव दरवर्षी पावसावर पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावर पिके ठरवते. तेच गणित आपल्या मुलांना करता येते.

तसाच गुंठा. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद, म्हणजे १,०८९ चौरस फूट. असे चाळीस झाले की एकर. मैदानात चुना टाकून एक गुंठा आखला की क्षेत्रफळ पुन्हा शिकवावे लागत नाही. सातवीच्या मुलांना घरचा सातबारा वाचायला लावावा, त्यावर कोणाकोणाची नावे आहेत आणि आईचे, बहिणीचे आहे का, हे विचारावे. नागरिकशास्त्राचा याहून जिवंत पाठ मला माहीत नाही.

पण इथे एक धोका आहे आणि तो मला स्पष्ट सांगितला पाहिजे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली, झाकिर हुसेन समितीने नयी तालीमची योजना आखली, आणि हस्तोद्योग हा शिक्षणाचा गाभा मानला गेला. विचार मोठा होता. तरी ज्यांच्या बापजाद्यांना जातीने एकेका धंद्याला जखडून ठेवले होते, त्यांच्या मनात त्याविषयी शंका उभी राहणे स्वाभाविक होते. गावच्या मुलाला गावचेच काम शिकवायचे आणि शहरातल्या मुलाला संगणक, ही वाटणी मला मान्य नाही. परिसर हा विज्ञानाच्या शिक्षकाला पर्याय नव्हे. पर्जन्यमापकापाशी सुरू झालेली मुलगी हवामानशास्त्रापर्यंत पोहोचली पाहिजे, आणि तिला इंग्रजी, संगीत, पोहणे, बुद्धिबळ हेही मिळाले पाहिजे.

या पेचातून वाट काढणारे काम शिरूर तालुक्यातल्या पाबळला झाले आहे. डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांनी आखलेला ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा अभ्यासक्रम आठवी ते दहावीची मुले आठवड्यातून एक दिवस करतात. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य असे त्याचे चार भाग. वैशिष्ट्य हे, की प्रत्येकाला चारही भाग करावे लागतात. मुली वेल्डिंग करतात, मुलगे शिवण आणि स्वयंपाक करतात. कोणाचा मुलगा कोण, याला तिथे अर्थ राहत नाही. शिकवायला बहुधा आसपासचेच जाणकार कारागीर. शिकता शिकता मुले गावातली खरी कामे करतात. काम जातीपासून सुटे झाले की ते शिक्षण होते, हे पाबळने दाखवले.

विज्ञानाच्या बाबतीत शेजारच्या मध्य प्रदेशाकडे पाहावे. होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये १६ ग्रामीण उच्च प्राथमिक शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. सहावी-सातवीची खेड्यातली मुले स्वतः प्रयोग करून निष्कर्ष लिहीत, आणि परीक्षेला पुस्तक उघडे ठेवून बसत. पुढे तो शेकडो शाळांत पोहोचला आणि २००२ मध्ये सरकारने बंद केला. तीस वर्षे तो सरकारी शाळांत, सरकारी शिक्षकांनी चालवला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. लहान शाळेत विज्ञान शिकवता येत नाही असे आता कोणी म्हणू नये.

बहुवर्ग अध्यापनाकडेही आपण फक्त अडचण म्हणून पाहतो. एका खोलीत दुसरी आणि चौथी बसली की दुसरीतले पोर चौथीचा पाठ कानावर घेत असते. चौथीतली मुलगी धाकट्याला वजाबाकी समजावते तेव्हा तिचीही पक्की होते. मोठ्या शाळेत हे घडत नाही. यासाठी वेगळे साहित्य आणि वेगळे प्रशिक्षण हवे. प्रशिक्षणांत आपल्याला सहसा एका इयत्तेचा एक वर्ग गृहीत धरून शिकवले जाते.

आता मागणी. दहा-पंधरा शाळांचे आपले एक केंद्र असते. शाळा संकुलाची कल्पना कोठारी आयोगाने १९६४–६६ मध्ये मांडली होती, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने संकुलातल्या शाळांनी कला, संगीत, क्रीडा यांचे शिक्षक वाटून घ्यावेत असे म्हटले आहे. तेव्हा प्रत्येक केंद्राला कला, शारीरिक शिक्षण आणि विज्ञान यांचे कायम नेमणुकीचे फिरते शिक्षक द्यावेत. ठरलेल्या वारी ते ठरलेल्या शाळेत जातील, आणि महिन्यातून एकदा केंद्रातली सगळी मुले एका मैदानावर आणली जातील, म्हणजे कबड्डीही होईल आणि समूहगीतही. गावातला गवंडी, सुईण, भजनी मंडळातला पखवाजवाला, वारली चित्रे काढणारी आजी यांना शाळा व्यवस्थापन समितीमार्फत मानधन देऊन तासिकेला बोलावण्याची मुभा असावी. कोरकू, गोंडी, पावरी बोलणाऱ्या मुलांच्या शाळेत ती भाषा जाणणारा माणूस पहिल्या दिवसापासून हवा. गडचिरोलीत मोहगावच्या ग्रामसभेला गोंडी शाळा स्वतः काढावी लागली, यातून शासनाने बोध घ्यावा.

हे सगळे उद्याच्या खुल्या अधिवेशनात ठराव म्हणून मांडावे अशी माझी सूचना आहे. मसुदा समितीत ज्यांच्या शाळेचा पट वीसच्या आत आहे त्यांनाच बहुसंख्येने बसवावे. फिरत्या शिक्षकांना प्रवासभत्ता दरमहा मिळावा आणि फेरीच्या दिवशी त्यांच्यावर दुसरे कोणतेही काम सोपवू नये, ही ओळ ठरावात आवर्जून घालावी. ती राहून गेली तर हे शिक्षक वर्षभरात तालुक्याच्या कार्यालयात माहिती भरताना दिसतील.