तक्रार असेल त्याने टाळ थांबवू नये

बसा माउली, जरा सरकून बसा, मागच्यांनाही जागा होऊ द्या.

आत्ताच तळावर समाजआरती झाली. जे पहिल्यांदाच वारीला आलेत त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली नसेल, म्हणून सांगतो. ज्ञानोबारायांची पालखी तळावर येते, सगळ्या दिंड्या भोवती उभ्या राहतात, टाळ-मृदंगाने रान दुमदुमतं. चोपदार चोप उंच करतात आणि हजारो टाळ एका क्षणात गप्प. पण एखादी दिंडी गप्प बसत नाही. तिचे टाळ खणखणतच राहतात. हा बेशिस्तपणा नव्हे बरं का! त्या दिंडीची काही तक्रार आहे. चोपदार स्वतः तिकडे चालत जातात, काय झालं ते ऐकून घेतात, तेव्हा ते टाळ थांबतात. मग हरवल्या-सापडल्याचा पुकारा, उद्या निघायची वेळ, आणि त्यानंतर आरती.

क्रम बघा. आधी तक्रार, मग आरती. माउलींच्या दारात तक्रारीला जागा आहे, आणि तीही आरतीच्या आधी.

आता घरी आपण काय करतो? पाऊस लांबलाय. बी मातीत पडून आहे, ते उगवेल की जळेल, सांगता येत नाही. सोसायटीचं कर्ज डोक्यावर. पोरगा शहरात कंत्राटावर कामाला, पुढच्या सहा महिन्यांचं त्यालाही ठाऊक नाही. बाप रात्री दोन वाजता आढ्याकडे बघत पडलेला. सकाळी बायकोनं विचारलं तर म्हणतो, "काही नाही गं, पित्त झालंय." गावात दहा माणसं भेटतात, दहा जणांना हेच उत्तर. पित्त! आणि वरून आपल्यातलाच कुणी शहाणा सुनावतो, "माळ घातलीस ना, मग काळजी कशाला करतोस?"

असं बोलणाऱ्यानं तुकोबारायांचं चरित्र नीट ऐकलेलं नाही. 1630 च्या सुमाराचा तो दुष्काळ. आईवडील आधीच गेलेले, थोरले बंधू घर सोडून गेलेले. दुकान बुडालं, दिवाळं निघालं. पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेल्या. घरात सावकारी होती, चार माणसांत मान होता, सगळा गेला. आणि हे आपल्याला कुणी सांगितलं? महाराजांनी स्वतः, आपल्या अभंगात. दुःखाने त्रासलो, लोकांत लाज वाटू लागली, हेसुद्धा त्यांनी झाकून ठेवलं नाही. पित्त झालं म्हणाले नाहीत!

मग त्यांनी काय केलं, हे मला फार मोलाचं वाटतं. गावातलं देऊळ मोडकळीला आलं होतं, ते नीट करायचं मनात घेतलं. म्हणजे माती कालवायची, दगड उचलायचे. एकादशीला कीर्तन करू लागले, पण अभ्यासात आधी चित्त नव्हतं, हे तेच सांगतात. चित्त नव्हतं तरी संतांची काही वचनं पाठ केली. पुढे गाणारा गाई, त्याच्या मागे हे ध्रुपद धरीत. अहो, जगद्गुरू! आणि सुरुवात कुठून? मागच्या रांगेतून, दुसऱ्याच्या आवाजाला आवाज देऊन. मन थाऱ्यावर येईल मग कामाला लागू, अशी वाट पाहिली नाही. हातांना काम दिलं, गळ्याला काम दिलं. मन मागून सावकाश आलं.

तुम्हालाही याचा अनुभव आहे. घरी गादीवर झोप येत नाही, इथे ताडपत्रीवर येते. का येते? दिवसभर पाय चालले, वेळेवर पंगत बसली, शेजारी माणूस आहे, आणि चिंता उद्याच्या मुक्कामापुरती. पंढरपूर किती लांब, हे दिंडीत रोज कोण मोजतो? आता वारीतही काही जण रात्री पांघरुणात मोबाईल घेऊन अकरा-अकरापर्यंत पावसाच्या बातम्या बघतात. त्याने ढग येत नाहीत, झोप मात्र जाते. घरी संध्याकाळी एकदा फोन करा, विचारा, आणि ठेवून द्या.

पण एक गोष्ट नीट ऐका. काहींचं दुखणं चालण्याने आणि भजनाने हटत नाही. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण नको, बोलणं नको, आणि जगून काय करायचं असा विचार येतो. अशा माणसाला नामस्मरण वाढव म्हणून सांगत बसू नका, आणि एकटं सोडू नका. डॉक्टरकडे न्या. पाय मोडला तर आपण अंगारा लावून थांबतो का? सरकारचा 14416 हा फोन आहे, टेलिमानस म्हणतात. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं, रात्रीही उचलतात. लिहून घ्या. ज्याला लिहिता येत नाही त्याने शेजारच्या पोराकडून फोनमध्ये घालून घ्या. गोळ्या सुरू झाल्या तर माळ काढावी लागत नाही, आणि माळ आहे म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत.

आणि विणेकरी बुवा, तुम्हाला एक विनंती. चालताना रांगेत डोकी मोजता, तशी गावी गेल्यावरही मोजा. एकादशीच्या भजनाला नेहमी येणारा दोनदा आला नाही, तर तिसऱ्याची वाट बघू नका. त्याच्या घरी जा, चहा मागा, बसा. तो पित्त म्हणेल. तरी बसून राहा.

चला, उशीर झाला, पहाटे निघायचंय. मागे कोपऱ्यात बसलेले बाबा, हो, तुम्हीच, मघापासून टाळ मांडीवर ठेवून बसलात. या, पुढे या. सूर नसला तरी चालेल, आम्ही म्हणतो, तुम्ही फक्त मागे धरा. विठ्ठल, विठ्ठल...