केसपेपरवर नसलेली ओळ



 नव्या औषधांचा आढावा उद्याच्या सत्रांत तज्ज्ञ मंडळी घेतीलच. या परिषदेची अध्यक्ष म्हणून मला आज मधुमेही स्त्रियांच्या लैंगिक तक्रारी आणि त्यांवरचे उपचार याविषयी बोलायचं आहे.

पुरुषांच्या लैंगिक दुर्बलतेवरचं सिल्डेनाफिल 1998 साली आलं आणि मधुमेही पुरुष बोलू लागले; निदान निघता निघता, दारात उभं राहून तरी. स्त्री बोलत नाही. ती सांगते, "खाली आग होते", "अंगावरून पांढरं जातं". आपण बुरशीचं मलम लिहून देतो. दोन महिन्यांनी ती तीच तक्रार घेऊन परत येते. शेजारी नवरा बसलेला असतो आणि पुढचा पेशंट दार ढकलत असतो. अशा वेळी नवऱ्याला म्हणावं, "जरा बाहेर बसा, यांना तपासायचंय." मग तिला विचारावं, "साखरेमुळे बऱ्याच बायकांना संबंधाच्या वेळी कोरडं पडतं, दुखतं. तुम्हाला तसं होतं का?" माझा अनुभव असा, की उत्तर बहुतेक वेळा लगेच येतं. कुणी सांगते, "आता वय झालं, कशाला विचारता?" कुणी सांगते, "नाही म्हटलं की घरात धुसफूस होते." दुखणं कित्येक वर्षांचं असतं.

हे आपल्या शास्त्राला नवीन नाही. रॉबर्ट कोलॉडनी यांनी 1971 मध्येच दाखवलं होतं, की त्यांच्या पाहणीतल्या सुमारे 35 टक्के मधुमेही स्त्रियांना कामपूर्ती होत नव्हती. मधुमेह नसलेल्या स्त्रियांत हे प्रमाण 6 टक्के होतं. चढ्या साखरेने नसा आणि बारीक रक्तवाहिन्या बिघडतात, योनीचा रक्तपुरवठा आणि ओलावा घटतो, लघवीतल्या साखरेवर बुरशी पोसते. रजोनिवृत्तीत इस्ट्रोजेन कमी झालं की त्यात भर पडते. पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही. पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या रुग्णांची वर्षानुवर्षं पाहणी करणाऱ्या डीसीसीटी-एडिक अभ्यासाचे स्त्रियांविषयीचे निष्कर्ष 2009 साली आले. सर्व घटक एकत्र तपासल्यावर लैंगिक तक्रारींशी जोडलेले दोनच ठळक उरले: नैराश्य आणि वैवाहिक स्थिती. एचबीएवनसी, म्हणजे सरासरी साखर, सुधारली की या तक्रारीही सुधारतील, या भरवशावर आपण राहू नये.

उपचारांची सुरुवात आपल्याच प्रिस्क्रिप्शनपासून करावी लागते. डापाग्लिफ्लोझिन या मधुमेहावरच्या गोळीचं पेटंट संपलं, किंमत उतरली आणि गोळी गावोगाव पोचली. औषध चांगलंच आहे, पण या गटातल्या औषधांनी जननेंद्रियांचा बुरशीसंसर्ग वाढतो. ती सुरू करताना हे स्पष्ट सांगावं, स्वच्छतेविषयी बोलावं, आणि संसर्ग वारंवार होत असेल तर मलमांची रांग लावण्याऐवजी गोळीचा फेरविचार करावा. नैराश्यावरच्या काही गोळ्याही इच्छा आणि कामपूर्ती दाबतात. मानसोपचारतज्ज्ञांना विचारून त्या बदलता येतात.

कोरडेपणासाठी पाण्यावर आधारित वंगण साधं आणि परवडणारं आहे. आपल्याकडे बायका खोबरेल तेल वापरतात. ते वापरणाऱ्या जोडप्याला सांगायलाच हवं, की तेलाने लॅटेक्सचा कंडोम फाटू शकतो. रजोनिवृत्तीनंतर कमी मात्रेचं इस्ट्रोजेन मलम योनीत लावल्याने बराच फरक पडतो. स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास असेल तर आधी संबंधित तज्ज्ञांशी बोलावं. दुखण्याच्या भीतीने ओटीपोटाचे तळस्नायू आवळले जात असतील, तर ते सैल सोडायला शिकवणारी फिजिओथेरपिस्ट लागते. आणि वजन! 'लुक अहेड' अभ्यासात वजन घटवण्यासाठीच्या आहार-व्यायामाच्या काटेकोर कार्यक्रमातल्या, आधी लैंगिक तक्रार असलेल्या, 28 टक्के स्त्रिया वर्षभरात तक्रारमुक्त झाल्या. नुसतं मार्गदर्शन मिळालेल्यांत 11 टक्के. मला हा आकडा कोणत्याही नव्या गोळीपेक्षा मोलाचा वाटतो. अमेरिकेत 2015 मध्ये फ्लिबॅनसेरिन आणि 2019 मध्ये ब्रेमेलॅनोटाइड मंजूर झालं ते रजोनिवृत्तीपूर्वीच्या स्त्रियांतल्या कमी इच्छेसाठी. आपल्या पेशंटच्या कोरडेपणावर किंवा वेदनेवर ते उत्तर नव्हे.

एक गोष्ट मी आग्रहाने सांगते. हा उपचार त्या स्त्रीसाठी आहे, नवऱ्याची तक्रार मिटवण्यासाठी नाही. तिला संबंध नको असतील तर तो तिचा निर्णय आहे. घरात जबरदस्ती होत असेल तर मलम लिहून आपलं काम संपत नाही. आणि विधवा, अविवाहित, एकट्या राहणाऱ्या स्त्रीला हा प्रश्न लागूच नाही, असं आपण गृहीत धरू नये.

र. धों. कर्वे यांनी याच महाराष्ट्रात 1927 पासून 1953 पर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं, खटले सोसले, आणि हे सगळं स्वच्छ मराठीत लिहिलं. बंद दाराआड एका पेशंटशी बोलायला आपल्याला त्याच्या शतांशही धैर्य लागत नाही.

कार्यकारिणीला माझी विनंती आहे, की पुढच्या परिषदेत स्त्रीरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट यांना सोबत घेऊन या विषयावर पूर्ण सत्र ठेवावं. आपणा सर्वांना विनंती एवढीच: केसपेपरवर डोळे, मूत्रपिंड आणि पाय यांच्या तपासणीखाली लैंगिक आरोग्याची एक ओळ छापून घ्या, आणि सोमवारच्या ओपीडीपासून ती भरायला लागा.