इंजिनाचा मेंदू : दुरुस्त करावा की बदलावा?

मोटारीचे इंजिन मिनिटाला 6000 फेरे घेत असते तेव्हा त्याच्या प्रत्येक सिलिंडरात सेकंदाला 50 वेळा ठिणगी पडते. दर वेळी पेट्रोल किती सोडावे आणि ठिणगी केव्हा पाडावी, हा हिशेब एके काळी कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्यूटर आपापल्या परीने करीत. 1979 साली बॉश कंपनीची मोट्रॉनिक ही रचना बी.एम.डब्ल्यू.च्या 732आय या गाडीत आली आणि दोन्ही हिशेब एकाच लहानशा संगणकाकडे गेले. त्याच्या स्मरणात एक तक्ता असतो : वेग इतका, भार इतका, तर पेट्रोल इतके आणि ठिणगी अमुक अंश आधी. गाडीची ताकद वाढवू पाहणारा हौशी माणूस अखेर या तक्त्यापाशी येऊन थांबतो. तो तक्ता तेवढा पालटावा, की सारा संगणकच काढून मनाजोगा आखता येईल असा दुसरा बसवावा?

पहिला मार्ग चिपचा. जुन्या गाड्यांत तक्ता सुट्या चिपवर असे. ती उपसून दुसरी बसविली की काम झाले. आता तपासणीच्या जोडणीतूनच नवा तक्ता भरतात. नाव मात्र जुनेच राहिले आहे. गाडी बनविणारा निकस पेट्रोल, कडक ऊन, बेफिकीर चालक या सर्वांचा विचार करून थोडी ताकद हातची राखून ठेवतो. चिपवाला उचल घेतो ती याच शिलकीतून. टर्बो असलेल्या इंजिनात हवेचा दाबही संगणकाच्या हाती असल्यामुळे लाभ चांगलाच जाणवतो. साध्या इंजिनात तो इतका अल्प असतो की, 'पी हळद नि हो गोरी' म्हणणाऱ्यांची निराशा ठरलेलीच. शिवाय एखादी चिप परदेशातील उंची पेट्रोल गृहीत धरून केलेली असली, तर इथल्या पंपावरच्या पेट्रोलवर इंजिन ठोके देऊ लागते. आणि हे ठोके दुर्लक्षिले तर पिस्टन फुटावयास वेळ लागत नाही.

परंतु कॅमशाफ्ट बदलला, मोठा टर्बो चढविला, की इंजिनात जाणाऱ्या हवेचे गणितच पालटते. एक किलो पेट्रोल पुरते जळण्यास सुमारे 14.7 किलो हवा लागते. हवा वाढली आणि पेट्रोल तेवढेच राहिले, तर पूर्ण भाराखाली मिश्रण पातळ होऊन ज्वलनकक्ष भलताच तापतो. दुसऱ्याच्या इंजिनावर बेतलेली चिप इथे काय कामाची? इथे दुसरा मार्गच योग्य. मात्र पेटी विकत घेतल्याने काम संपत नाही; खरे तर तिथे ते सुरू होते. तक्त्यातील घर अन् घर डायनॅमोमीटरवर गाडी चालवून, धुरातील प्राणवायू मोजीत भरावे लागते. या कामाच्या मजुरीचा विचार आधी न करता पेटी घेणारे पुष्कळ, आणि पस्तावणारेही तितकेच.

श्रोत्यांपैकी कोणी म्हणेल, पैसा आहे तर उत्तम तेच का घेऊ नये? शर्यतीच्या गाडीपुरते ते खरे. रोज कचेरीत नेणाऱ्या गाडीत मात्र भरधाव वेगाचा तक्ता दोन दिवसांत जमतो. थंडीच्या पहाटे पहिल्या किल्लीला सुरू होणे, वातानुकूलन चालू करताच बंद न पडणे, हेच महिनोन्महिने जमत नाही. मूळ गाडीच्या अभियंत्यांनी यासाठी बर्फात आणि वाळवंटात चाचण्या घेतलेल्या असतात, आणि हे सारे श्रम मूळ संगणकाबरोबर काढून टाकले जातात.