कंपनीच्या बोटाला शाई लागत नाही

(वस्तीतल्या वाचनालयात भरलेल्या तरुणांच्या शिबिरातलं भाषण. बोललं तसंच ठेवलं आहे.)



मला विषय दिलाय : कंपन्यांनी निवडणुकीसाठी पक्षांना पैसा द्यावा का. जिना चढताना एक पोरगा म्हणाला, दादा, हा आपला विषय आहे का? देणारे ते, घेणारे ते, आपण मधी कोण? आजचं बोलणं त्याच्यासाठीच.

आपल्या पणज्याला मत नव्हतं. १९१९ च्या सुधारणा आल्या तरी मत कुणाला, तर सारा भरणाऱ्याला, कर भरणाऱ्याला, ठरावीक रकमेच्या वर घरभाडं देणाऱ्याला. इस्टेट असेल त्याला मत. आमची इस्टेट म्हणजे हाडकी-हाडवळा आणि येसकराची काठी. बाबासाहेबांनी साउथबरो कमिटीपुढं ही अट अस्पृश्यांसाठी खाली आणा म्हणून साक्ष दिली आणि १९२८ ला सायमन कमिशनपुढं सरळ प्रौढ मताधिकार मागितला. इस्टेट आणि मत यांची गाठ तुटायला संविधान यावं लागलं. माझ्या आज्यानं पहिल्यांदा मत टाकलं तेव्हा त्याच्या अंगावर धड सदरा नव्हता, पण पेटीत पडलेली त्याची चिठ्ठी पाटलाच्या चिठ्ठीएवढीच जड होती.

आता कंपनी बघा. तिथं माणसाला मत नसतं, शेअरला असतं. ज्याचे शेअर जास्त त्याची मतं जास्त. धंद्यात चालू दे. पण हीच कंपनी पक्षाला कोटी देते तेव्हा तिच्या घरातला कायदा ती आपल्या घरात आणते. तुटलेली गाठ मागच्या दारानं पुन्हा बांधली जाते. कंपनीच्या बोटाला शाई लागत नाही, तिला रांगेत उभं राहावं लागत नाही, आणि रांगेत उभं राहिलेल्या हजार माणसांपेक्षा मंत्र्याच्या केबिनमधी तिचा आवाज मोठा.

ही भीती आपलीच नाही. १९५७ साली टाटांच्या पोलाद कंपनीला आपल्या घटनापत्रात पक्षांना देणगी द्यायची सोय करून घ्यायची होती. प्रकरण मुंबई हायकोर्टात आलं. न्यायमूर्ती छागलांनी कायद्यात अडवायला आधार नाही म्हणून परवानगी दिली, पण यात लोकशाहीला धोका आहे, संसदेनं बघावं, असा इशाराही दिला. ते काही आपल्या छावणीतले नव्हते.

संसदेनं काय बघितलं? १९६० ला मर्यादा घातली. १९६९ ला इंदिराबाईंच्या सरकारनं कंपन्यांच्या देणग्यांवर सरळ बंदी आणली. लई टाळ्या पडल्या. आतली गोष्ट अशी की शेठलोकांचा पैसा स्वतंत्र पक्षाकडंही वळायला लागला होता. बंदीनंतर पैसा थांबला का? हट्. चेक बंद झाले, बॅगा सुरू झाल्या. पक्षांनी स्मरणिका काढल्या, त्यात कंपन्यांनी पानपानभर जाहिराती दिल्या. ती स्मरणिका कुणी वाचली असेल तर हात वर करा. १९८५ ला बंदी उठली.

म्हणून बंदीचं नाव काढलं की शहाणे लोक म्हणतात, बघा, बंदीनं काळा पैसा वाढतो, त्यापेक्षा उघड देऊ द्या. हा मुद्दा पोकळ नाही. पण अर्धा आहे. बंदीच्या त्याच काळात, १९७४ ला, सुप्रीम कोर्ट म्हणालं की उमेदवारासाठी पक्षानं केलेला खर्चही त्याच्या मर्यादेत धरा. सरकारनं लगेच वटहुकूम काढून ते निकालात काढलं. म्हणजे एका हातानं नळाला बूच मारलं आणि दुसऱ्या हातानं टाकीला भगदाड पाडलं. आजही लोकसभेच्या उमेदवाराला मर्यादा आहे, मोठ्या राज्यात ९५ लाख. पक्षाला मर्यादाच नाही. ती नाही तोवर नुसती बंदी कागदावर राहणार, हे मी मान्य करतो.

आणि ‘उघड देऊ द्या’ म्हणणाऱ्यांनी उघड केलं का? २०१७ ला कंपनीच्या देणगीवरची नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा काढली. तोट्यातली कंपनीसुद्धा देऊ शकेल. कुणाला दिलं ते नाव सांगायची सक्तीही काढली. २०१८ ला निवडणूक रोखे आले. स्टेट बँकेतून घ्या, पक्षाला द्या, लोकांना पत्ता नाही. १५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टानं हे रोखे आणि ही बेमर्यादा देणगी, दोन्ही घटनाबाह्य ठरवली. मग याद्या बाहेर आल्या. एप्रिल २०१९ पासूनचे बारा हजार कोटींच्या वरचे रोखे. त्यातले सहा हजार कोटींच्या आसपास एकट्या भाजपला, पण तृणमूल आणि काँग्रेस यांनीही हजार-हजार कोटींच्या वर घेतले. सगळ्यात मोठा खरेदीदार लॉटरीवाला : १,३६८ कोटी. लॉटरीचं तिकीट बंगल्यातला माणूस घेत नाही, दोस्तहो. तो पैसा नाक्यावरच्या हमालाचा, रिक्षावाल्याचा. आपल्याच खिशातला पैसा, आपल्याला न विचारता.

न विचारता, यावर जरा थांबतो. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यानं कामगारांच्या संघटनेला काय सांगितलं होतं? राजकारणासाठी वेगळा फंड करा. जनरल फंडातला पैसा राजकारणाला लावायचा नाही. आणि त्या फंडाला वर्गणी द्यायची सक्ती एकाही सभासदावर करायची नाही. चांगला नियम आहे. मग मालकाला तो का नाही? डायरेक्टर मंडळ ठराव करतं आणि पैसा जातो. शेअरवाल्याला विचारत नाहीत, ज्याच्या घामातून नफा निघाला त्या कामगाराला तर नाहीच. दोघांनाही वेगळा पक्ष आवडत असेल. गिरणीतल्या माणसाच्या चार आण्यावर कायद्याचा पहारा आणि शेठच्या कोटीला सलाम!

म्हणून माझं म्हणणं : कंपनीनं देऊ नये. शेठला द्यायचं तर त्यानं स्वतःच्या खिशातून, स्वतःच्या नावानं, ठरलेल्या मर्यादेत द्यावं, जसं आपण देतो. आणि पक्षाच्या खर्चाला मर्यादा घाला. रोखे गेले तरी इलेक्टोरल ट्रस्ट आहेतच. वीस कंपन्यांचा पैसा एका हंड्यात ओतायचा आणि मग वाटायचा, कुणाचा थेंब कुणाच्या तोंडात गेला ते कळू नये.

आता कडू बोलतो. बसपानं रोख्यांचा एक पैसा घेतला नसल्याचं निवडणूक आयोगाला कळवलं, याचा आपल्याला अभिमान वाटतो. पण हाच पक्ष वर्षानुवर्षं वीस हजारांवरचा एकही देणगीदार नाही असंही सांगत आला. नाव नसलेला पैसा आपल्या निळ्या झेंड्याखाली आला म्हणून पवित्र होत नाही.

आणि आपली वस्ती? गेल्या जयंतीला कमानीवर बाबासाहेबांचा फोटो वीतभर आणि बिल्डरचं नाव हातभर होतं. कमान, डीजे, टी-शर्ट सगळं त्याच्याकडून. तेव्हा मीपण टी-शर्ट घातला होता. पुढं पुनर्विकासाच्या बैठकीत म्हाताऱ्या पारूआक्कानं विचारलं, माझं घर कुठल्या मजल्यावर, करारात का लिहिलं नाही? तर आपलीच पोरं तिला म्हणाली, आक्का, बसा खाली. त्या पोरांना कुणी धमकावलं नव्हतं. कुणी एक शब्द सांगितला नव्हता. गरजच पडली नाही.

आता वॉर्डाला आपला उमेदवार उभा करायची भाषा चाललीय आणि तोच माणूस पुन्हा निरोप पाठवतोय, खर्चाची काळजी करू नका. मी नको म्हटलं. काही मित्र चिडलेत. म्हणतात, समोरचा लाखांनी उधळणार, आपण काय वडापाव विकून लढायचं? त्यांचा राग मला कळतो, आणि हरायची शक्यता जास्त आहे हेही कळतं.

महिन्याभरापूर्वी वाचनालयात पत्र्याचा डबा ठेवला होता. काल पाचजणांसमोर उघडला. तीन हजार चारशे दहा रुपये निघाले, त्यात पारूआक्काचे वीस. नावासकट हिशोब दारावर चिकटवलाय. जाताना वाचा, आणि चूक दिसली तर आत येऊन सांगा. मी नऊ वाजेपर्यंत इथंच आहे.