वाहनाची दूरची पाठवणी

भंडाऱ्यातून राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ जातो आणि वरठी येथील भंडारा रोड स्थानक मुंबई-हावडा लोहमार्गावर आहे. त्यामुळे जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतील कर्मचाऱ्याची परराज्यात बदली झाल्यास त्याला मोटार ट्रकने आणि दुचाकी, टाकीतील पेट्रोल काढून, रेल्वे पार्सलनेही पाठवता येते. रस्तामार्ग निवडल्यास, वाहतूकदार २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्यानुसार ‘सामान्य वाहक’, म्हणजे भाडे घेऊन कोणाचाही माल नेणारा व्यावसायिक, म्हणून नोंदणीकृत आहे का, हे प्रथम पाहावे. बिल्टी, म्हणजे माल ताब्यात घेतल्याची पावती, हा भरपाईच्या दाव्याचा मुख्य आधार असतो. वाहनाचे मूल्य आधी जाहीर न केल्यास वाहकाचे दायित्व मर्यादित राहते, आणि बुकिंगच्या दिनांकापासून १८० दिवसांत नुकसानीची लेखी सूचना न दिल्यास दावा दाखल करता येत नाही. म्हणून केवळ कमी भाड्यावर न भाळता, वाहन सोपवताना त्यावरील ओरखडे, पोचे आणि किलोमीटरचा आकडा यांची छायाचित्रांसह नोंद करून तिच्यावर दोन्ही पक्षांच्या सह्या घ्याव्यात. वाहन परराज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ राहणार असेल, तर तेथील नव्या नोंदणीसाठी भंडाऱ्याच्या परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्रही निघण्यापूर्वीच मिळवणे हिताचे ठरते.