काळी आणि पांढरी : किल्लारी गावाची कथा

आपल्याकडे गावाचे दोन भाग मानण्याची जुनी रीत आहे. पिकाऊ रानास काळी म्हणावयाचे आणि वस्तीच्या जागेस पांढरी. काळीने पोसावे आणि पांढरीने निवारा द्यावा. लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील किल्लारी गावात या दोघींची ताटातूट कशी झाली, ते आज सांगावयाचे आहे.

तेरणेच्या खोऱ्यातील हे शेतकऱ्यांचे गाव. येथे निजामाचा अंमल १९४८ साली संपला. पुढे १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि १९८२ मध्ये लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. राज्ये बदलली, परंतु ज्वारी-तुरीचा आणि पाऊसपाण्याच्या काळजीचा क्रम तोच राहिला.

गावाचा स्वभाव त्याच्या घरांत दिसे. दगडमातीच्या रुंद भिंती, त्यांवर लाकडी तुळया आणि वर मातीचे माळवद. वैशाखाच्या उन्हातही आत गारवा असे. गळती थांबावी म्हणून माळवदावर वेळोवेळी नवी माती घालीत. त्यामुळे छताचा भार पिढ्यानपिढ्या वाढत गेला. घराची जितकी निगा राखावी, तितके ते जड होई!

१९९२ च्या ऑक्टोबरात या परिसरास भूकंपाचे धक्के जाणवले होते. तरीही दख्खनचे पठार म्हणजे स्थिर भूमी, हीच सर्वसाधारण समजूत होती. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या रात्री गणपतीचे विसर्जन करून लोक झोपी गेले असता, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूमी हादरली. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या सुमारास होती. जगातील मोठ्या भूकंपांच्या मानाने ही फार नव्हे. परंतु चिखलात रचलेले दगड निखळले आणि माळवदे निजलेल्यांवर कोसळली. लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून हजारो माणसे दगावली. पुढे शास्त्रज्ञांनी किल्लारीस भूमीत खोल छिद्र घेतले, तेव्हा काळ्या पाषाणाचा थर ३३८ मीटर जाडीचा आढळला. एवढ्या दगडावर उभे असलेले गावही सुरक्षित नव्हते.

जागतिक बँकेच्या कर्जाने व अनेक संस्थांच्या साहाय्याने ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. किल्लारी त्यांपैकीच एक. घरे भूकंपास तोंड देतील अशी बांधली. रस्ते रुंद झाले. जमिनीच्या प्रमाणात २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांचे घर, असा नियम ठरला. मोजमाप न्याय्य होते. मात्र जुन्या गावातील भिंतीला भिंत लावून राहणारी भावकी, पारावरची बैठक आणि हाकेच्या अंतरावरचा शेजार या मोजणीत बसत नव्हता. पांढरी हलली, काळी मात्र जागीच राहिली, आणि शेतकऱ्याची पायपीट वाढली.

यावरून जुनी घरेच बरी होती, असे कोणी समजू नये. त्यांच्या गारव्याची किंमत एका पहाटेत कळून चुकली. परंतु गाव हलविण्याचा प्रसंग पुन्हा कोठे आला, मग तो भूकंपाने येवो वा धरणाने, तर आखणी करणाऱ्याने प्रथम एवढे विचारावे, की कोणाचे दार कोणाच्या दारासमोर होते. घर पडले तर वर्षभरात पुन्हा उभे राहते; शेजार जुळावयास पिढी जावी लागते.